दहा वाजताचा चहा

डॉक्टरांनी विचारलं, "एवढा व्यायाम यांना कोणी सांगितला?"

"आमच्या लेआउटमध्ये एक काका आहेत," मी म्हणालो. "ते घेतात सगळ्यांचा."

हे खोटं होतं. व्यायामाचा तक्ता माझ्या अक्षरात होता. मीच तो लॅमिनेट करून आणला होता आणि आईच्या पलंगासमोर भिंतीत खिळा ठोकून लावला होता. मी हे बोललो तेव्हा आई शेजारच्याच खुर्चीवर होती. तिचं सुजलेलं मनगट मांडीवरच्या उशीवर ठेवलेलं होतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वरच्या पंख्याकडे पाहिलं, आणि गप्प बसली.

त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला घेतलं आहे. पण लिहायला बसलो की ते वाक्य बाजूला राहतं आणि ते काका समोर येतात, सायकलचं हँडल धरून. मग माझा गोंधळ होतो. त्यांच्याशी वागताना माझं काय काय चुकलं, त्यातलं पहिलं कोणतं आणि मोठं कोणतं, हे मला अजून नीट मांडता येत नाही. मी शाळेत गणित शिकवतो. मला मांडता यायला हवं होतं.

आमच्या गावात, पिपरी मेघेत, या काकांना सगळे गिरेडर म्हणत. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. गाडी आली की तिच्यातला चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ओढायचा, धागा किती लांब आहे, माल ओला आहे की सुका ते पाहायचं आणि प्रत सांगायची. नोकरी संपली तरी ओढणं संपलं नाही. शर्टाच्या खिशात कायम कापसाचा पुंजका असे. बोलता बोलता तो बाहेर निघे. बोटं संधिवातानं वाकलेली, सगळी करंगळीच्या बाजूला कललेली, सांध्यांवर बोराएवढ्या गाठी. त्या बोटांनी ते पुंजका असा सावकाश ओढत की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. एखाद्याचं म्हणणं पटलं नाही की तोच पुंजका त्याच्यापुढे धरत.

"आखूड धागा हाय मास्तर तुमचा. सुताले नाई चालत."

मला हे पहिल्या भेटीतच ऐकावं लागलं होतं. मी त्यांना एवढंच विचारलं होतं की सायकल आहे तर तुम्ही बसत का नाही. त्यांना सायकलवर बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तिला चेनच नव्हती. ते तिचं हँडल धरून चालत आणि त्यांच्या शरीराचा अर्धा भार ती सायकल वाहत असे.

"काठी घेतली का लोक म्हणते, म्हातारा झाला," ते म्हणाले. "सायकल धरली का इचारते, कुठं चालले काकाजी? आता सांगा, कोणतं बरं?"

 त्यांचे बहुतेक प्रश्न असेच असत.

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, बुद्धविहार आहे. त्याच्या आवारात सपाट फरशी आहे, मांडवाचे लाकडी खांब आहेत आणि एक मोठा कडुनिंब. सकाळी आठ वाजता तिथं आठदहा माणसं जमत. कोणाचे गुडघे गेलेले, कोणाची कंबर, कोणाचे हात. गिरेडर कुणबी. त्यांच्या घराजवळ मारुतीचं देऊळ आहे, देवळापुढे ओटा आहे, तरी ते सायकल धरून अर्धा किलोमीटर आमच्याकडे येत. आम्ही बौद्ध, आमच्यातल्या काहींना याचं कौतुक वाटे, काहींना संशय. कोणीतरी सरळ विचारलंच.

"देवळाले अकरा पायऱ्या हाय," गिरेडर म्हणाले. "तुमच्या इथं एकबी नाई. गुडघेवाल्याले दुसरं काय पाह्यजे बाप्पा?"

व्यायाम हा शब्द ते वापरत नसत. म्हणत, "चला, सांधे उघडू." जसं कोणी दुकान उघडायला निघालंय. आणि उघडण्याआधी प्रत्येकाला विचारत, "आज कोणता माल?" ज्याचे सांधे सकाळी आखडलेले, गरम, सुजलेले असत तो म्हणायचा, "ओला." ज्याला बरं वाटत असे तो म्हणायचा, "सुका." ओल्या माणसाला ते फार काही करू देत नसत. घरी जा, कोमट पाण्यात हात घाला, पाण्यातल्या पाण्यात बोटं हलवा, डॉक्टरची गोळी चुकवू नका, उद्या या. ओला कापूस सरकी काढायच्या जिनात घातला तर धागा तुटतो, एवढंच कारण ते देत. सुक्या माणसाला मात्र सुट्टी नसे.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त एसटी ड्रायव्हर तिथं येत. गिरेडरांनी त्यांना तीन दिवस "काही करू नका" म्हणून परत पाठवलं आणि चौथ्या दिवशी "काऊन नाई केलं?" म्हणून सगळ्यांसमोर झापलं.

"तुमीच नाई म्हटलं ना राजेहो!"

"ते ओल्याले म्हटलं. काल सुकला होता तुमी. मले काय सपन पडते का?"

एका बाईला ते म्हणत, दुखलं तरी करा. दुसरीला म्हणत, दुखलं की थांबा. मी मुद्दाम कोपऱ्यात उभा राहून ऐकत असे आणि मला यात काही नियम सापडत नसे. शेवटी विचारलं. ते म्हणाले, "बिजागरी गंजली का दार कुरकुरते. ते एक दुखणं. दारात बोट सापडते, ते दुसरं. पहिल्यात दार हळूहळू उघडाचं. दुसऱ्यात बोट काढाचं. तुमी मास्तर हाय, तुमाले फरक समजत नाई?"

फरक समजला. पण कोणाचं दुखणं कोणतं हे त्यांना बाहेरून कसं कळे, ते समजलं नाही.

शिवाय प्रत्येकाला वेगळं काम. ड्रायव्हरला ते हवेत स्टेअरिंग फिरवायला लावत, आधी सिटीतलं वळण, मग घाटातलं. शिवणकाम केलेल्या बाईला खुर्चीवर बसवून पायानं मशीन चालवायला लावत, मशीन नसताना. ज्या कामानं सांधे झिजले त्याच कामाची चाल, पण वजन काढून घेतलेली. "हाताले जे येते तेच हाताले सांगा," ते म्हणत.

आणि माझ्या आईला त्यांनी कापूस वेचायला लावला.

हे मला अजून सरळ सांगता येत नाही. माझी आई बारा-तेरा वर्षांची असल्यापासून दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जात होती. माझ्या वडिलांच्या मागं तिनं त्याच मजुरीवर मला शिकवलं. मी मास्तर झालो त्या महिन्यात मी तिला म्हणालो, आई, आता कापसाच्या पराटीला हात लावायचा नाही. तिनं तो लावला नाही. आणि आता सत्तरीत, खरेदी केंद्रावरचा एक माणूस, ज्यानं जन्मभर वजनकाट्याच्या त्या बाजूला उभं राहून माल पाहिला, तो येतो आणि कडुनिंब ते मांडवाचा खांब अशी दोरी बांधतो, दोरीला चिमट्यांनी कापसाचे पुंजके अडकवतो, आणि माझ्या आईला पदराची ओटी बांधून ते वेचायला सांगतो. विहाराच्या आवारात. सगळ्यांसमोर.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्कूटर बंद करायचं विसरलो. आई मात्र हसत होती.

"आई, हे काय?"

"वेचून राह्यली."

"तुला हात वर-खाली करायचे असतील तर साधे कर ना."

"साधे हात वर करणं मले येत नाई," ती म्हणाली. "वेचणं येते."

दोरी कमरेच्या उंचीवर होती. दर पंधरा-वीस दिवसांनी गिरेडर ती खांबावर थोडी वर सरकवत आणि नवा खिळा ठोकत. मी ते पाहत होतो, पण मला त्याचा अर्थ लागला नव्हता. मला फक्त दिसत होतं की माझी आई पुन्हा कोणासाठी तरी वेचते आहे.

आईला एकच गोष्ट हवी होती. तिचे केस कमरेपर्यंत होते, आणि खांदा व मनगट धरल्यापासून तिला स्वतःचा अंबाडा घालता येत नव्हता. माझी बायको रोज घालून देई. नीट घाली, मायेनं घाली. आई म्हणे, "सून चांगला घालते. पण माह्यासारखा नाई घालत." दुसरी कोणतीही तक्रार तिनं कधी केली नाही. मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते ऐकूच येत नसे.

गिरेडरांची सर्वांत न सहन होणारी सवय म्हणजे चहा. आठ वाजताचं विहारातलं आटपलं की ते दहाच्या सुमारास घरोघर जात. आमच्याकडे नेमके मी शाळेला निघायच्या वेळी येत. सायकल फाटकाला टेकवून आत येत, खुर्ची अशी सरकवून घेत की स्वयंपाकघर दिसलं पाहिजे, आणि म्हणत, "बाई, चहा मांडा."

माझी बायको उठली की हात करत. "तुमी बसा सूनबाई. बाईच्या हातचा पाह्यजे."

आई उठे. पातेलं उचले, गाळणी धरे, कप-बशी आणून देई. कप बशीत खुळखुळायचा. ते चहाकडे न बघता तिच्या हाताकडे बघत. मग दोन घोट घेऊन अर्धा चहा तसाच ठेवत आणि निघत. अर्धा चहा! ज्या बाईला पातेलं उचलताना ओठ चावावा लागतो तिच्याकडून करून घ्यायचा आणि टाकून जायचा.

मी बरेच दिवस हे चालू दिलं. दिवाळीनंतर एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता बोललो.

"काकाजी, आईचे हात दुखतात. तुम्हाला चहाच हवा असेल तर नाक्यावर टपरी आहे."

त्यांनी पुंजका काढला, ओढला नाही, नुसता पाहिला.

"दहाले नको येऊ?"

"कधीच नको. आणि तिनं आयुष्यभर वेचलं आहे. आता तुमच्यासाठी वेचणार नाही."

 गिरेडर उठले. त्यांना उठायला वेळ लागे, तेवढा लागला. मग ते आईला म्हणाले, "बाई, कप भारी झाला का आज?"

"थोडासा," आई म्हणाली.

"मंग उद्या दोरी नाई. कोमट पाणी."

ते फाटकाबाहेर गेले. सायकलचं पुढचं चाक, मग मागचं चाक सावकाश वळवून त्यांनी ती रस्त्याला लावली. त्या वळवण्याला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ आई दारात उभी होती. माझ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही, पण आमच्या घरात न बोलणं ही फार मोठी गोष्ट नाही, म्हणून मी ती धरली नाही.

त्याच आठवड्यात मी तक्ता केला. मोबाइलवर व्यायाम पाहिले, कागदावर माणसं काढली, बाण काढले. हात समोर, दहा वेळा. हात बाजूला, दहा वेळा. हात डोक्यावर, दहा वेळा. मनगट गोल, दहा वेळा. सकाळी आणि संध्याकाळी. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेतले फलक मीच लिहितो. आईला म्हटलं, आता विहारात जायची गरज नाही, घरी कर, शिकल्या-सवरल्या माणसासारखं कर.

आई अक्षर शिकली ती माझ्या पाटीवर. मी दुसरीत होतो. दिवसभर वेचून आलेल्या हातानं ती पेन्सिल धरायची आणि मी तिला "क" गिरवायला लावायचो. त्यामुळे आमच्या घरात लिहिलेल्या गोष्टीला फार मान. औषधाच्या डबीतली चिठ्ठी ती अख्खी वाचते. लग्नाच्या पत्रिकेवरचं सगळ्यांत खालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचते. हे मला कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं, आणि तरी तक्ता लावताना मला आठवलं नाही. की आठवलं होतं, आणि म्हणूनच लिहिला? मला खरंच सांगता येत नाही.

पौषात थंडी पडली. तिचे सांधे सकाळी दगडासारखे व्हायचे. "आज कोणता माल?" असं विचारणारं आता कोणी नव्हतं, आणि दहा वाजता कपाकडे बघणारंही नव्हतं. ती दोन्ही वेळा तक्त्यासमोर उभी राहून मोजून दहा करत होती. उजवं मनगट सुजलं, मग खांदा. तिला पाण्याचा पेला उचलवेना, तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं, आणि तिथं मी ते वाक्य बोललो.

येताना ऑटोत मी तिला विचारलं, "दुखत होतं तर थांबली का नाहीस?"

ती बाहेर बघत म्हणाली, "दहा लिवलं होतं."

डॉक्टर म्हणाले होते की हा आजार असाच मधूनमधून उसळतो, नुसत्या व्यायामानं झालं असं ठामपणे म्हणता येणार नाही. सूज असताना जोर दिल्यानं भर पडली असेल. म्हणजे माझी चूक किती, हेही मला कोणी नक्की सांगितलं नाही. चूक पूर्ण असती तर मी कदाचित लवकर बोललो असतो. अर्धवट होती म्हणून तिच्यामागं लपता आलं.

फेब्रुवारीत आईनं माझ्या बायकोला केस कापायला सांगितले. मानेपर्यंत. बायको कात्री हातात घेऊन रडायला लागली तेव्हा आईच तिला म्हणाली, "काप ना बाप्पा. रोज तुया वेळ जाते, आन् मले मान धरून बसा लागते." मी शाळेतून आलो तेव्हा वेणी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलेली होती. आईनं मानेवरून हात फिरवला, म्हणजे फिरवायचा प्रयत्न केला, आणि म्हणाली, "हलकं वाटते."

त्यानंतर मी दुसरं खोटं बोललो. विहारात लोकांनी आईची चौकशी केली, तेव्हा तेच सांगितलं जे डॉक्टरांना सांगितलं होतं. एकदा बोललेलं वाक्य दुसऱ्यांदा फार सोपं जातं. मी मास्तर, माझ्या शब्दाला वजन. लोक घाबरले. एकेक जण यायचा बंद झाला. मग गिरेडरही यायचे बंद झाले. ते भांडायला आले नाहीत, विचारायलाही आले नाहीत. दोरी तशीच लोंबत राहिली.

आठ महिने गेले. विहारात कार्यक्रम होता, मांडवाचे जुने खांब काढायचे होते. मी उंच आहे म्हणून दोरी सोडायला मला सांगितलं. ड्रायव्हर खाली उभे राहून सूचना देत होते. दोरी सोडली, खिळे उपटायला पक्कड लावली, आणि पाहिलं की प्रत्येक खिळ्याशेजारी पेन्सिलनं काहीतरी लिहिलं आहे. वाकडंतिकडं, एका अक्षराचा दुसऱ्याशी मेळ नाही असं, वाकलेल्या बोटांचं अक्षर. सगळ्यांत खाली "पातेलं". त्याच्यावर "कप". त्याच्यावर "फळी". मग "कपडे वाळू घालणं". तिथपर्यंत खिळे होते. त्याच्यावर वीतभर अंतरावर, जिथं अजून खिळा ठोकलेला नव्हता, तिथं नुसतीच रेघ होती आणि लिहिलं होतं, "बाईचा अंबाडा".

मी पक्कड धरून तसाच उभा राहिलो.

"काय झालं मास्तर?" ड्रायव्हर म्हणाले.

मी वाचून दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही. "माह्या खुर्चीखाली लिवलं होतं, 'नातीले कडेवर'. सगळ्यायचं लिवून ठेवे तो. म्हणून तर घरोघर फिरे ना, दहाले."

"चहाला."

"कायचा चहा?" ड्रायव्हर हसले. "आठले सांधे उघडले, दोन तासानं दुखणं किती उरलं ते पाहाले येत जाय. दुखत असन त उद्या कमी. कप कसा धरला त्यावर समजे त्याले. चहा तं त्याले आवडतच नाई. पित्त होते. माह्या घरी बिचारा औषधासारखा प्याचा."

मी खिळे काढले नाहीत. खांब तिथंच आहे अजून. विहाराच्या कमिटीला मी काय कारण सांगितलं ते आठवत नाही. विहारात पुन्हा माणसं जमतात, एकमेकांना "आज कोणता माल" विचारतात. गिरेडर मात्र आता हिंगणघाटला मुलीकडे असतात. जाताना टेम्पोत आधी सायकल चढवली, मग सामान. आईचे केस आता खांद्याला लागतात. वाढवायचे आहेत का विचारलं तर म्हणते, "पाहू."

पण हे नंतरचं. त्या दिवशी मी दोरी खांद्यावर घेऊन सरळ त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात बसले होते, दोन्ही हात कोमट पाण्याच्या घमेल्यात.

"या मास्तर. नमस्कार नाई करत, हात ओले हाय."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तक्ता, डॉक्टर, आईचे कापलेले केस, विहार, चहा. क्रम चुकला, मागचं पुढं झालं, मी पुन्हा मागं गेलो. ते पाण्यात बोटं हलवत ऐकत होते, जसं काही तळाशी पडलेलं काहीतरी शोधत आहेत.

"झालं?"

"माफी मागायला आलो आहे, काकाजी."

"मले काऊन?"

"तुमच्यावर खोटं घातलं."

"घातलं त घातलं. चाळीस वर्षं ज्याले खालची प्रत देल्ली त्यानं मले शिव्याच देल्ल्या. सवय हाय." त्यांनी एक हात बाहेर काढला आणि स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून फिरवला. "केस काय माहे कापले?"

 मी विचारलं, "मग विहारात का यायचे? आमच्यासाठी एवढं कशाला?"

त्यांनी पाण्यातली बोटं उलटीपालटी करून पाहिली.

"चाळीस वर्षं कापूस पाह्यला," ते म्हणाले. "वेचणाऱ्यायचे बोटं कधी नाई पाह्यले. आपले वाकडे झाले तवा दिसले." मग एकदम माझ्यावर डाफरले, "तुमी मले म्हटलं, बाई तुमच्यासाठी नाई वेचणार. बरोबर म्हटलं. मले लागलं ते. पण बाईले इचारलं का, कोणासाठी वेचत होती?"

"नाही."

"डॉक्टरसमोर चूप काऊन बसली, ते इचारलं?"

"नाही. तुम्हाला माहीत आहे?"

"मले काय माहीत? मी कापूस पाहतो." त्यांनी हात पुन्हा पाण्यात घातला. "उद्या दहाले येतो. शाळेले उशीर होईन तुमाले. होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी ते आले. सायकल फाटकाला टेकवली. खुर्ची सरकवून घेतली. म्हणाले, "बाई, चहा मांडा." जसं काही काल आले होते आणि उद्या येणार आहेत. माझी बायको उठली नाही. आई उठली. पातेलं तिनं दोन्ही तळव्यांनी उचललं, बोटांनी नाही. त्यांनी तिला तसंच शिकवलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. कप खुळखुळत आला.

"आज कोणता माल?"

"सुका," आई म्हणाली, आणि जवळजवळ वर्षानं तेच जुनं हसू हसली.

मी बूट घातलेले नव्हते. मी गिरेडरांकडे वळलो आणि म्हणालो, "काकाजी, त्या तक्त्याचं मी..." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते कपाकडे पाहत राहिले.

"कोणाले सांगून राह्यला तू?" आईनं विचारलं.

मी गडबडलो. मग तिच्याकडे वळून विचारलं, "आई, त्या दिवशी डॉक्टरसमोर तू बोलली का नाहीस?"

"तू मास्तर हायस," ती म्हणाली. "चार लोकायसमोर तुले खोटं कशी पाडू? मले वाटलं, घरी येऊन सांगशीन." तिनं पदरानं हात पुसले, एकेक बोट, सावकाश. "वाट पाह्यली मी."

चहा थंड होत होता. कोणी पीत नव्हतं. आईशी बोलताना मी कित्येक वर्षांपासून शाळेतलं मराठी बोलतो; कधीपासून आणि का, तेही मला सांगता येणार नाही. त्या वेळी ते तोंडात येईना.

"माह्यं चुकलं, आई," मी म्हणालो. "तक्ता मी लिवला होता. काकाजीनं नाई सांगतलं. डॉक्टरले खोटं सांगतलं, विहारात खोटं सांगतलं, आन् तुले काहीच नाई सांगतलं. तुले काय पाह्यजे होतं ते मले माहीत होतं, तरी मी इचारलं नाई. माह्यं चुकलं."